मावशीचा खोकला आणि रविवारचा वर्ग

वीस वर्षं झाली नळदुर्गात दवाखाना चालवतोय, पण वर्गात बसायला लावलं की मला अजूनही राग येतो. त्या रविवारी तर लईच आला होता. फुफ्फुसं आतून कडक पडत जातात अशा आजारांवर खेड्यातल्या डॉक्टरांसाठी मोबाईलवर वर्ग होता. शिकवणाऱ्या बाई मोठ्या शहरातल्या, छातीच्या डॉक्टर. मी मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवला आणि शेंगा फोडत बसलो. म्हटलं, असले पेशंट आपल्याकडं कुठून यायचे!

बाईंनी एक आवाज ऐकवला. दंडाचा बीपीचा पट्टा हळूहळू उचकटताना चरचर होतं ना, तसाच. श्वास आत घेताना, अगदी शेवटी. "हा पाठीच्या तळाला ऐकू येतो," त्या म्हणाल्या. "स्टेथोस्कोपची नळी उघड्या पाठीवर ठेवा. कपड्यावरून ऐकाल तर कापडच ऐकाल." आणि मग सहज म्हणाव्यात तशा म्हणाल्या, "कोरडा खोकला, एक्सरेत डाग, बेडका साफ, तरीही टीबीचं औषध चालू. आठवून बघा, तुमच्याकडं असं कुणी आहे का?"

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

अणदूरची मावशी. नात्यातली नाही, पण दोन वर्षं माझ्याकडं येत होती. पहिल्यांदा आली ती खळ्यावरच्या धुळीचा साधा खोकला घेऊन. मग दम लागायला लागला, मी दमा म्हणून पंप दिला. बेडका दोनदा तपासला, साफ निघाला. तरी नवा एक्सरे बघून शनिवारीच मी तिच्या मुलाला सांगून मोकळा झालो होतो, सोमवारपासून टीबीचं औषध सुरू करू म्हणून. आणि पाठ? डोक्यावरून घेतलेला पदर पाठीवर दुहेरी व्हायचा. मी त्याच्यावरूनच खांद्याखाली दोन ठिकाणी नळी टेकवायचो. बाईमाणसाला पदर बाजूला घ्या म्हणायचं कसं? हिकडं आम्ही सगळेच डॉक्टर असं करतो. कुणी शिकवलं नाही, कुणी हटकलंही नाही.

वर्ग संपला तशी बाईंनी, पेशंटच्या श्वासातून छातीत काय जातंय ते शोधायला, प्रश्नांची यादी पाठवली. परदेशात तयार झालेली. घरात गरम पाण्याचा टब आहे का? पोपट आहे का? पिसांची दुलई? फुंकून वाजवायचं वाद्य वाजवता का? आता अणदुरात जाऊन हे कुणाला विचारू, कपाळ माझं! पण सोमवार उद्यावर आला होता. मी मोटरसायकल काढली.

मावशी ओट्यावर बसली होती. मुलगा चकित झाला. "साहेब, तुम्ही कसं काय? औषध उद्या ना?"

"आधी पाठ बघू दे," मी म्हणालो. सुनेला जवळ उभं केलं, पदर धरायला लावला. मावशी आक्रसून बसली. नळी तळाला ठेवली. "मोठा श्वास घ्या, मावशी." चर्र. दुसऱ्या बाजूला ठेवली. चर्र. बाईंनी ऐकवलेलाच आवाज. मग तिचे हात बघितले. नखांपाशी बोटांची टोकं फुगून गोल झाली होती, छाती बरेच दिवस बिघडल्याची खूण. त्याच हाताची नाडी मी किती वेळा धरली होती!

म्हणजे छातीत काहीतरी जात होतं, पण काय?

"कबुतरं पाळलीत का?"

"न्हाय बा."

"घरात ओल?"

"पत्र्याच्या घरात कुठली ओल?"

"चूल?"

"गॅस हाय की सुनंचा."

मुलगा वैतागला. "साहेब, उद्या औषध द्यायचं का न्हाय, तेवढं सांगा."

"थांब रे जरा!" मी त्याच्यावर ओरडलोच. राग त्याचा नव्हता, माझाच मला आला होता.

तेवढ्यात मावशी गुडघ्यावर हात देऊन उठली. "मला जाऊ द्या डाक्टर, म्हशीला कुट्टी करायचीय."

"कुट्टी कोण करतं?"

"म्याच."

मागं पत्र्याची बंद शेड होती. एका कोपऱ्यात चारा बारीक कापायचं कुट्टीचं मशीन, आणि छतापर्यंत रचलेला कडबा. मधल्या पेंढ्या गळक्या पत्र्याखाली पावसानं भिजून काळ्या पडलेल्या. एक उचलली तर पांढरा भुगा उडाला, बुरशीचा. माझाच घसा धरला.

"हे किती दिवस करताय?"

"दोन वर्सं झाली की. तुमीच म्हनला व्हता, रानात धुळीत जाऊ न्हका, घरी सावलीत बसून हलकं काम करा. तवापासनं हितंच बसते, सकाळ-संध्याकाळ."

मला लाज वाटली. पळून जावं असंही वाटलं, खोटं कशाला बोलू. मग तिथंच, मुलासमोर, सगळं सांगितलं. टीबी दिसत नाही, दमाही नव्हता, ह्या बुरशीनं छाती धरलीय असं वाटतंय, सोलापूरला स्कॅन करू. आणि म्हणालो, "मावशी, माझं चुकलं."

तिनं विचारलं, "गेलेली छाती परत येती का?"

"जेवढी कडक झालीय तेवढी नाही. इथं बसणं आजच बंद केलं तर पुढचं थांबेल, बहुतेक."

तिनं पदर खोचून घेतला. मग म्हणाली, "दोन वर्सं नळी लावली तुमी. एकदा तरी इचारायचं, दिसभर काय करता म्हनून. म्या सांगितलंच असतं की."

स्कॅनमध्ये तेच निघालं. टीबीचं औषध मी सुरू केलं नाही. पुढं आमच्या भागातल्या डॉक्टरांसाठी मी मराठीत यादी केली: कडबा, कुट्टी, कबुतरं, ओल, धान्याची कोठी. पहिला प्रश्न मावशीच्याच शब्दांत लिहिला: दिसभर काय करता? दोघा-तिघांचं म्हणणं, भाषा जरा नीट करा. मी भांडलो, एक अक्षर बदललं नाही.

मावशी आता औषधाला येते तेव्हा माझ्या दवाखान्याच्या चार पायऱ्या चढताना मध्ये एकदा कठड्याला धरून थांबते. मी आत खुर्चीत बसून ते बघतो. पहिल्यांदा खोकला घेऊन आली तेव्हा ह्याच पायऱ्या ती न थांबता चढली होती.