आत्याचे सात हिरवे सिग्नल

आत्या ऑफिसातून बटण दाबून स्वतःच्या वाटेतले सिग्नल हिरवे करून घेते, ही आवई साफ खोटी. ती उठवली काकांनीच. दोघं भाऊबहीण सिग्नल विभागातच. हमरस्त्याचं वेळापत्रक वीस वर्षं काकांचं होतं, या महिन्यात साहेबांनी धाकटीचं लावलं. घड्याळ घेऊन नाक्यानाक्यावर उभं राहून तिनं सात सिग्नल असे जुळवले, की ताशी चाळीसनं जाणाऱ्याला लाल लागूच नये.

"म्हणे चाळीस! त्यापेक्षा गाड्या ढकलतच नेऊ ना!" काकांनी नाक मुरडलं. तिचं कौतुक ऐकलं, की त्यांना चहासुद्धा कडू लागायचा.

"दादा, तुझी मोटार, माझी स्कूटर. मी मागे पडले, तर साहेबांना सांगते, तुझंच लावा."

काका साठनं सुटले. प्रत्येक सिग्नलला हिरव्याच्या आधीच पोचले आणि करकचून ब्रेक मारत राहिले. सातव्याला ते गिअर टाकेपर्यंत आत्या शेजारून न थांबता पुढे निघून गेली.

"नशीब एकेकाचं," काका पुटपुटले.

मी पैज काकांवर लावली होती. आता महिनाभर आत्याची स्कूटर मीच पुसायची आहे.