वाजंत्री थांबवायची राहिली

मुहूर्त नसलेल्या दिवशी मंगल कार्यालयाइतकी निरुपयोगी इमारत सांगलीत दुसरी नसते. अशाच एका दुपारी तिथला मॅनेजर अभिनंदन चौगुले वधूपक्षाच्या खोलीत गादीवर आडवा झालाय. जेवण छातीशी अडकलंय, दात आवळलेले आहेत, डोळे मिटलेत. कान तेवढे ड्युटीवर. मालकांचा फोन येणार आहे. त्यांनी मिरज रस्त्याला नवं लॉन घेतलंय आणि तेही अभिनंदननेच सांभाळायचं आहे, फक्त संध्याकाळपर्यंत हो म्हणायचंय. डॉक्टर म्हणतात, तिशीच्या आत एवढं बीपी, आहे तेच काम कमी करा. अभिनंदनला मात्र आपल्या बीपीचा किंचित अभिमान आहे. रिकामटेकड्यांना होत नाही ते.

बाहेर कुणीतरी पातेलं घासतंय. तो आवाज लांब जातो, मऊ होतो, आणि गादीच्या कडेला सुकुमारमामा बसलेला असतो.

"अभ्या, मठ्ठा पुरला का रं?"

मामाला जाऊन दोन वर्षं झालीत. अभिनंदनच्या आधी मॅनेजर तोच. ऐन सीझनमध्ये, डोक्याला फेटा, हातात फोन, भोजनगृहाच्या दाराशी खुर्चीत बसल्या बसल्या गेला. मालक म्हणाले, पंगत उठेपर्यंत कुणी हलवू नका. तेव्हा मामाने मेल्यावरही तासभर पाहुण्यांचं स्वागत केलं. तिघांनी त्याला मठ्ठा संपला म्हणून झापलं. तो उलट बोलला नाही. एक आजी तर म्हणाल्या, हा माणूस आताशा बराच सुधारलाय.

"नाही पुरला," अभिनंदन सांगतो.

"वाटलंच मला." मामा उठतो. "चल, राऊंड मारू."

खोलीबाहेरचा पॅसेज ओलसर आहे, कोमट आहे. भिंती आत येतात, बाहेर जातात. ट्यूबलाइट मात्र तीच, लुकलुकणारी.

"हे कुठलं कार्यालय, मामा?"

"तुझंच की. आत आलाईस तू तुझ्या. मेल्यावर सगळ्यांनाच दाखवतात. तुला भाच्याच्या कोट्यातनं आधी."

हॉलमध्ये बँड वाजतोय. नवरा नाही, नवरी नाही, एक पाहुणा नाही. लाल कोटातली माणसं गाल फुगवून जीव तोडून वाजवतायत. ओठ फाटलेत, डोळे सुजलेत. तालाबरोबर भिंतीतले पाइप तट्ट फुगतात.

"संकट आलं की यांनी वाजवायचं, माणसानं पळायचं नाहीतर भिडायचं, आणि निभावलं की यांनी गप बसायचं," मामा सांगतो. "तू वाजवा म्हणालास. बास म्हणायचंच विसरलास."

"कधी म्हणालो मी?"

"पहिल्या सीझनला. नवऱ्याचा काका पुढच्या खुर्चीवरनं भांडला तवा."

"ते मिटलं की!"

"यांना कुणी सांगितलं?"

हॉल स्वयंपाकघर होतो. सगळ्या शेगड्या पेटलेल्या, आचारी बादल्या भरभरून साखरेचा पाक पाइपांत ओततोय. पळणाऱ्याला ताकद हवी म्हणून. पळतंय कोण? अभिनंदन तर खुर्चीत बसून फोनवर ओरडत असतो. पचन बघणारा आचारी कोपऱ्यात घोरतोय, कारण संकटात पंगत बसत नाही.

पुढे जिना चढून गेलं की वर डोकं येतं. दाराशी वॉचमन आहे, म्हशीएवढा सुटलेला. मोगऱ्याची वेणी दिसली तरी तो शिट्टी फुंकतो.

"भीती सांभाळतो हा. दर सीझनला पोसतोस, मग फुगणारच," मामा म्हणतो.

त्याच्या मागे आठवणींची खोली. ती आकसून पार कपाटाएवढी झालीय. अभिनंदन डोकावतो. कुठल्या व्याह्याला बासुंदी चालत नाही, सगळं जागेवर आहे.

"पोरीचं नाव काय ठेवलंस?"

अभिनंदन आठवून बघतो. कपाटात ते नाव कुठेच नाही.

"बारीक आहे ती," तो म्हणतो. "बाहुली कानाला लावते आणि 'हॅलो, मी बिझी' म्हणते."

मामा हसतो. निदान दात तरी दिसतात.

"हसतोस काय?"

"हसत न्हाई. जबडा असाच आवळलेला राहिलाय. जाळला तरी सुटला न्हाई."

"मग जित्तेपणी थांबला का नाहीस?"

"मी नसलो तर कार्यालय बंद पडंल वाटलं."

"दुसऱ्या दिवशी साखरपुडा झाला इथं."

"मठ्ठा?"

"उरला, मामा. बादलीभर."

मामाचा चेहरा असा पडतो, जणू खरी बातमी त्याला आत्ता कळली. मग तो भाच्याचा दंड धरतो. समोर भोजनगृहाचं दार आहे, दाराशी ती खुर्ची आहे आणि अभिनंदन तिच्यात बसलेला आहे. कुणीतरी त्याला झापून जातं. मामा वाकून त्याच्या डोक्यावरचा फेटा नीट करतो.

"शोभतोस. आणि हे नुसतं एकच कार्यालय हाय," तो म्हणतो.

बँडमास्तर खुर्चीकडे बघतोय. पहिल्या सीझनपासून बघतोय, नुसता एक शब्द हवाय त्याला. अभिनंदन 'बास' म्हणायला जातो. तोंड उघडत नाही. तो जोर लावतो, मानेच्या शिरा ताणतो, कानशिलं ठणकतात, आणि कुठेतरी काहीतरी कडकन मोडतं.

तो उठून बसतो. खोलीत ऊन आहे. पातेलं घासून झालंय. जिभेवर खडा लागतो, तो तळहातावर थुंकतो. अर्धी दाढ.

फोन वाजतोय.

"काय मग, लॉनचं ठरलं ना?" मालक.

"मालक, दात तुटला. झोपेत. आवळून आवळून."

"पुढचा का मागचा?"

"मागचा."

"मग काय अडलं? पाहुण्यांना दिसत नाही तो."

"मला दिसतोय," अभिनंदन म्हणतो, आणि लॉनला नाही म्हणतो. पलीकडे मालक बराच वेळ बोलत राहतात. तो ऐकत नाही, तोंड उघडंच ठेवून बसून राहतो. तळहातावरचा तुकडा अजून कोमट आहे.