चुकीच्या आंदोलनात उतरलेली आत्या

माझी आत्या एकदा चुकीच्या आंदोलनात उतरली.

उतरली म्हणजे खरोखर उतरली. कमरेएवढ्या पाण्यात, लुगड्यासकट.

आत्या चैत्रात गेली. काल तिच्याशिवायची पहिली छठ झाली, म्हणून आज लिहितोय. रडकी पोस्ट टाकणार नाही. तिला अजिबात आवडली नसती.

हौसाआत्या. माहेर कन्नडचं, सासर करमाडच्या पुढचं एक गाव. शेंद्र्यात कंपन्या आल्या तसा तिने गोठा हलवला, तिथे पत्र्याच्या खोल्या काढल्या आणि कामगारांना भाड्याने दिल्या. बिहार, यूपी, ओडिशा, सगळा देश तिच्या अंगणात कपडे वाळत घालायचा.

मराठवाड्याबाहेरच्या मित्रांसाठी एक सांगतो. आमच्याकडे पाणी मिळावं म्हणून लोक पाण्यातच उभे राहतात. मागणी मान्य होईपर्यंत बाहेर यायचं नाही. जलसमाधी आंदोलन म्हणतात त्याला.

टँकर असो, पाइपलाइन असो, आत्या कायम पहिल्या रांगेत.

तर त्या वर्षी दिवाळीनंतर मी तिच्याकडे होतो. संध्याकाळी आम्ही दोघं गावच्या पाझर तलावाशेजारून घरी येत होतो. बघतो तर तिच्याच खोल्यांमधल्या बायका पाण्यात उभ्या. सगळ्यांत पुढे रिंकू. बिहारमधल्या सिवानकडची, नवरा शेंद्र्याला वेल्डर.

आत्याने विचारलं नाही की सवरलं नाही. चप्पल काढली, पदर खोचला आणि सरळ आत. मूठ वर.

"पाणी आमच्या हक्काचं!"

बायका वळून बघायला लागल्या.

मीच काठावरून सवयीने ओरडलो, "नाही कुणाच्या बापाचं!"

मग तिने रिंकूला हळूच विचारलं, "काय गं, मागणी काय हाय?"

"आंदोलन नहीं है फुआ, छठ है. सूरज देवता को अर्घ्य देना है." फुआ म्हणजे त्यांच्याकडची आत्या.

"मंग सूर्याला काय मागायलीस?"

"बेटा बीमार था ना, उसके लिए मन्नत मानी थी. अब ठीक है."

आत्याने एकदा सूर्याकडे बघितलं. "मंजी मागणी मान्य झालीया. बरंय, थांबते मी बी."

आणि सूर्य बुडेपर्यंत थांबली. दुसऱ्या दिवशी रिंकूने प्रसादाचा ठेकुआ आणून दिला, तर म्हणाली, "शंकरपाळं जरा जास्तच तळलंय, पण ग्वाड हाय."

पुढच्या वर्षी मी पुन्हा तिथेच होतो, पण या वेळी प्रकरण सीरियस झालं.

पाऊस कमी झालेला, तलाव अर्धाच भरलेला. गावात ठरलं की बाहेरच्यांनी तलावात उतरायचं नाही. रिंकूपर्यंत हे आलं तेव्हा ती तलावाच्या काठावर पोचली होती. आदल्या दिवसापासून निर्जळी उपवास. हातात फळांनी भरलेलं बांबूचं सूप, समोर सरपंच आणि त्याची माणसं.

सूर्य खाली चाललेला. अर्घ्य न देता तो बुडाला तर व्रत मोडणार. पोरासाठी धरलेलं व्रत. भांडायलासुद्धा तोंडात ओल नव्हती बिचारीच्या.

सरपंच आत्याचाच पुतण्या, दिराचा मुलगा.

"काकू, तुमी मधी पडू नका. भायेरच्यांना एकदा सवय लागली की..."

"भायेरची मंजी कोण रं?"

"हेच की. बिहारचे."

"मी कन्नडची. तुजी माय पैठणची. तुजी बायको जालन्याची. ह्या गावात जल्मलेली एक तरी सून दाखव मला. समद्या भायेरूनच आलोत की! आमाला कुणी अडवलं व्हतं का?"

"तसं नाय काकू. लगीन करून आलं की माणूस इथलंच व्हतं."

"व्हय? आन पोटासाठी आलं की नाय व्हत?"

स्थलांतर म्हटलं की आपल्याला रेल्वे आणि बॅगा दिसतात. माप ओलांडून आलेल्या बाईला कुणी स्थलांतरित म्हणत नाही. आणि गावंच्या गावं अशा बायकांनी भरलेली आहेत.

आत्याने चप्पल काढली. पदर खोचला.

"मागणी मान्य हुईस्तोर मी भायेर येत नसते."

यावेळी आंदोलन बरोबर होतं.

मग जे झालं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. बघ्यांच्या गर्दीतून सरपंचाची म्हातारी आई पुढे आली आणि पोराकडे न बघता पाण्यात उतरली. तिच्यामागे तिची सून. मग शेजारच्या, मग वरच्या आळीतल्या. पैठण, जालना, सिल्लोड, सगळी माहेरं पाण्यात!

मी सोडलो तर काठावर उरले ते फक्त जन्मापासून गावात असलेले पुरुष.

"रिंके, ये!" आत्या पाण्यातून ओरडली. "तुजीच जागा राह्यलीय!"

सरपंच बाजूला झाला. त्याच्या आईनेच रिंकूला हात दिला. रिंकूने सूप वर धरलं तेव्हा सूर्य बोटभर उरला होता. तेवढा पुरला.

मी काठावर वेड्यासारख्या शिट्ट्या मारत होतो. आयुष्यात एवढा आनंद मला कुठल्या मॅचलाही झाला नाही.

आता तिथे पायऱ्या आहेत. सरपंचानेच बांधून घेतल्या. आत्याने त्या उतरून बघितल्या आणि "लई निसरड्या केल्यात" म्हणून त्याला चार शब्द सुनावले. गपचूप खडबडीत करून घेतल्या त्याने.

काल तलावावर लायटिंग होतं. रिंकूचा मुलगा पोरांवर ओरडत होता, "ए, चपला तिकडं काढा रं!" आमच्या गावाकडच्या अस्सल मराठीत.

रिंकूकडे एक सूप जास्तीचं होतं. "हे कुणाचं?" मी विचारलं.

"फुआ का है," ती म्हणाली.

तिने ते सूप वर धरलं, अर्घ्य दिलं. मग ओल्या पदराने डोळे पुसले, काठाकडे वळली आणि मूठ वर केली.

"पानी आमच्या हक्काचं!"

आणि अख्खा काठ, सरपंचासकट, घसा फोडून ओरडला, "नाही कुणाच्या बापाचं!"

आत्या, मागणी मान्य झाली.

आता खुशाल जा.