अक्कांच्या हातचं

कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही. हे समीरला — माझ्या नवऱ्याला — माहीत नाही. सांगलीला आईला माहीत नाही. मी इथं शिंकले तरी तिला फोनवर कळतं, पण हे नाही कळलं. आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं ती बाई आमच्या समोरच्याच घरात राहते. रोज सकाळी दारात पाणी मारून रांगोळी घालते आणि मी दिसले की हात वर करून विचारते, "तिंडी आयता ग?" खाणं झालं का, म्हणून. मी हसून "झालं अक्का" म्हणते आणि पटकन आत येते. सहा वर्षं मी अशी पटकन आत येतेय.

आम्ही मैसूरला आलो ते समीरच्या नोकरीसाठी. ईरा इथंच झाली. तीन वर्षांची झाली तरी बोलेना. हाक मारली तर बघेना. चपला, चमचे, बटाटे — हाताला लागेल ते ओळीत मांडत बसायची. डॉक्टरांनी ऑटिझम आहे म्हणून सांगितलं, थेरपी सांगितली, आणि वेळ लागेल हेही सांगितलं. वेळ! मला पुढच्या सोमवारी बोलणारी मुलगी हवी होती.

मग कुणीतरी गोकुलममधल्या एका सरांचं नाव सुचवलं. योग शिकायला आलेले परदेशी लोक काखेत चटया मारून जिथं फिरतात, त्या गल्लीत एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर ते बसायचे. डॉक्टर नव्हेत. पाटीवर नावापुढं काहीतरी इंग्रजी अक्षरं होती, ती कसली हे मी कधी विचारलं नाही. पोरीचं पोट बिघडलंय, अंगात धातूंची घाण साठलीय, ती काढली की मूल मोकळं होईल — असं त्यांचं म्हणणं. दूध बंद, गहू बंद, साखर बंद. झिंक, माशाचं तेल, कसल्या कसल्या पावडरी. ईरा पोळीच्या डब्यापाशी उभी राहून रडायची आणि मी तिच्यासमोर डबा उचलून वर ठेवायची. मी केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलेली बाई हो! गरजवंताला अक्कल नसते म्हणतात — नाही, थांबा. हे मी कारण म्हणून सांगत नाहीये. कारण सांगायला बसले तर मला पुष्कळ सुचतील.

समीरनं पावडरींना मान डोलावली होती, नाइलाजानं. पण सरांनी थेंब दिले तेव्हा तो अडला. त्या बाटलीवर नाव नव्हतं, नुसता एक नंबर होता. "यात काय आहे ते कळल्याशिवाय एक थेंबही द्यायचा नाही," तो म्हणाला, आणि ईराच्या डोक्यावर माझा हात ठेवून मला शपथ घ्यायला लावली. मी घेतली. बाटली गेली तिखटामिठाच्या डब्यांच्या मागे. त्याच आठवड्यात मी थेंब सुरू केले.

हे काही मोठं नाही, असं वाटेल तुम्हाला. नवऱ्यापासून कोण काय लपवत नाही? पण माझा कबुलीजबाब याच्याबद्दल नाहीच आहे. तो अक्कांबद्दल आहे.

अक्कांचं घराणं मूळचं मराठी, पण किती पिढ्या मैसुरात गेल्या ते त्यांनाही सांगता येत नाही. त्यांचं मराठी निम्मं कानडीतूनच चालतं. ईराला त्या पुट्टी म्हणायच्या, म्हणजे छोटी. पुट्टी बोलत नाही याचं त्यांना काहीच वाटायचं नाही. "बोलंल की ग, घाई काय? बोलणारी माणसं तरी काय मोठं सांगत्यात, अल्वा, खरं की नाही?" मला राग यायचा. लोकांचं काय जातंय घाई नाही म्हणायला!

दसऱ्याला इथं घरोघरी गोंबे मांडतात, पायऱ्या करून बाहुल्यांची आरास. गल्लीतली पोरं घराघरांत जाऊन ती बघतात आणि प्रत्येक घरी हातावर काहीतरी खाऊ पडतो. अक्कांच्या वरच्या पायरीवर लाकडी राजा-राणी, आणि खाली सगळी दसऱ्याची मिरवणूक — हत्ती, घोडे, बँडवाले, शिपाई. नवरात्राच्या आधी त्या पेटारा उघडून एकेक बाहुली पुसत बसल्या होत्या, तेव्हा ईरा तिथं घुसली. तिनं शिपाई ओळीत लावायला घेतले. दोन शिपायांत बरोबर एका बोटाचं अंतर. घरी ती असं करायला लागली की मी तिचा हात धरून ओळ मोडायची, सरांनी सांगितलं होतं मोडायचं म्हणून. अक्का मात्र हरखल्या. "अय्यो, बघ ग! माझ्या सुनंला एवढं सरळ कधी जमलं नाही!" आणि एकेक शिपाई पुसून तिच्या हातात देत गेल्या. मग हत्ती दिला. ईरा हत्तीकडे बघत म्हणाली, "आने."

पहिला शब्द. कानडी. आई नाही, बाबा नाही — आने, म्हणजे हत्ती. अक्कांच्या डोळ्यांना पाणी आलं. माझ्याही आलं, पण खरं सांगू? मला हेवा वाटला. चार वर्षं मी रक्त आटवलं आणि शब्द फुटला तो समोरच्या म्हातारीच्या ओसरीवर. मग मी मनाशी ठरवूनच टाकलं की हा गुण थेंबांचा. सरांना कळवलं, सरांकडं येणाऱ्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. फुलं आली, जोडलेले हात आले. सर म्हणाले, आता दार किलकिलं झालंय, थोडं वाढवा. त्यांनी थोडं म्हटलं. मी त्याहून जास्त वाढवलं. मला दार सताड हवं होतं.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. नवरात्र बसायच्या आधी अक्का मुद्दाम आमच्या घरी आल्या होत्या. पुट्टीला काय चालतं, काय नाही, हे त्यांनी मला पुन्हापुन्हा विचारून घेतलं. बाकीच्या पोरांना कोबरी मिठाई, म्हणजे खोबऱ्याच्या वड्या, आणि चकली. ईरासाठी वेगळा डबा, त्याच्या कडीला लाल दोरा बांधलेला. त्यात नुसते चुरमुरे आणि ओल्या खोबऱ्याच्या कातळ्या. त्या खोबऱ्यासाठी विळीसुद्धा वेगळी काढली होती. मी रोज तिथं बसायची. ईरानं त्या घरात दुसरं काहीही तोंडात घातलेलं नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

नवरात्र संपत आलं होतं. सकाळपासून ईरा उलट्या करायला लागली. आणि मी — मला आनंद झाला. हो. ग्रुपवर सगळ्याजणी सांगायच्या ना, उलट्या झाल्या म्हणजे औषध लागू पडतंय, घाण निघतेय. मी चादरी बदलत होते आणि मनात म्हणत होते, निघू दे. पाणी पोटात ठरेना. ओठ सुकले. दुपारपर्यंत ती रडायचीही थांबली, तरी मी बसून राहिले. समीर जेवायला घरी आला म्हणून, नाहीतर मी आणखी किती वेळ बसले असते? या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे. म्हणूनच तो मला सोडत नाही.

दसऱ्याच्या गर्दीत रिक्षा मिळेना. समीर तिला खांद्यावर टाकून अर्ध्या रस्त्यापर्यंत पळत गेला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, शांतपणे, अगदी साधं, "कुठलं औषध चालू आहे? पावडर, थेंब, गावठी काही?" मी पावडरींची नावं सांगितली. "आणखी काही?" समीर माझ्याकडे बघत होता.

"नाही," मी म्हणाले.

त्या वाट बघत राहिल्या. माझ्या तोंडून आपोआप निघालं — आपोआप कसलं, मीच म्हणाले — "काल समोरच्या घरी गोंबे बघायला गेली होती. तिथं काहीतरी खाल्लं असेल."

बस. एवढंच. त्यांनी बाहेरचं खाणं म्हणून लिहून घेतलं आणि त्या अंगानं उपचार सुरू केले. उलट्या थांबायला हव्या होत्या तशा थांबेनात, पुन्हापुन्हा रक्त घेत राहिले. पोरीच्या हातावर सुया टोचायला जागा उरली नाही. त्यांना नेमकं जे शोधायचं होतं ते माझ्या स्वयंपाकघरात डब्यांच्या मागे होतं आणि मी तिथं तिचे पाय चोळत बसले होते. शेवटी ती सावरली, आपल्या जिवाच्या चिवटपणावर. त्यात माझं काही नाही.

समीर कपडे आणायला घरी गेला तेव्हा अक्कांच्या दारात थांबला. तो आरडाओरडा करणारा माणूस नाही. नुसतं म्हणाला, "अक्का, यापुढे आमच्या मुलीला तुमच्या हातचं काही देऊ नका." गल्लीत दोन बायका उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं. पुढचं गल्लीनं पाहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी अक्का दवाखान्यात आल्या. आत नाही आल्या, दारातच उभ्या राहिल्या. मला वाटलं, भांडतील. म्हणतील, बाई ग, तू तर शेजारी बसलेली होतीस! मी त्या भांडणाची वाट बघत होते, खरंच बघत होते. त्या एक जरी शब्द बोलल्या असत्या तर माझं तोंड उघडलं असतं. असं मी स्वतःला सांगते.

पण त्या म्हणाल्या, "माझंच चुकलं ग अनघा. विळी धुतली होती मी, पण म्हातारीचे डोळे, काय राहिलं असंल देवाला ठाऊक. कूसाला, लेकराला बाधलं ग माझ्या हातचं." आणि लुगड्याच्या पदरात हात गुंडाळून घेतले.

त्यावर मी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, "असू द्या अक्का. तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, तो चोर तरी परवडला. मी त्या बाईला माफ केलं. मोठ्या मनानं! आणि त्यांनी माझे हात धरले, त्यांना केवढं बरं वाटलं ते मला दिसलं.

ईरा घरी आली. बरी झाल्यावर ती रोज दुपारी अक्कांच्या फाटकाचे गज धरून उभी राहायची. "आने, आने." तेवढा एकच शब्द होता तिच्याजवळ. अक्का बाहेर यायच्या, फाटक न उघडताच मान वर करून आमच्या गॅलरीत बघायच्या. घेऊ का आत, असं नजरेनं विचारायच्या. आणि मी मान हलवायची. नाही. कारण ती तिथं जाऊन, खाऊन, ठणठणीत परत आली असती तर? रोज मी खाली जाऊन तिची बोटं गजावरून एकेक सोडवून आणायची. काही दिवसांनी तिनं जाणं सोडलं. आने म्हणणंही सोडलं. पुढचा शब्द यायला फार दिवस गेले.

थेंब तरी बंद केले असतील, असं वाटत असेल तुम्हाला. नाही. थोडे दिवस थांबले आणि पुन्हा सुरू केले, कमी करून. बाटली फेकली असती तर थेंबांनीच झालं हे मान्य करावं लागलं असतं ना? पुढं सरांनी बंगला सोडला, फोन लागेना, बाटली आपोआप संपली. मी काही शहाणी होऊन थांबवलेलं नाही.

ईरा आता दहा वर्षांची आहे. शाळेत जाते, पोळी खाते, दूध पिते. बोलते, थोडं, तुटक, मराठी-कानडी एकत्र. थेरपीच्या बाईंनी आणि वेळेनं जे व्हायचं ते झालं. अक्का अजूनही गोंबे मांडतात. पण तेव्हापासून त्यांनी गल्लीतल्या एकाही पोराला स्वतः केलेला खाऊ दिलेला नाही. त्यांच्या हातची कोबरी मिठाई या गल्लीत कुणी खाल्ली नाही. त्या केळी देतात. सालीसकट.

या दसऱ्याला त्या स्वतः जिना चढून वर आल्या. गुडघे दुखतात, तरी. हातात एकच केळं, धुतलेलं, आणि देठाला पदराचं टोक गुंडाळून धरलेलं, बोटं लागू नयेत म्हणून. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सालीतलं आहे ग. हात लागला नाही."

ईरानं ते घेतलं आणि परत त्यांच्यापुढं धरलं. "अक्का, सोल."

अक्कांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. लहान पोर नेतं तसे. मी दारात उभी होते, घरात समीर होता, दार उघडं होतं, आणि अख्खं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. सहा वर्षं तयार आहे.

मी ईराच्या हातातून केळं घेतलं आणि सोललं.

"हां," अक्का म्हणाल्या, "अम्माच्या हातचं खा, पुट्टी. त्यानं काही होत नाही."