सातवा घोडा

सासऱ्यांनी दिलेल्या वस्तूला दुरुस्तीची गरज नसते, हे मला लग्नाच्या वेळी कुणीतरी सांगायला हवं होतं.

धाराशिवला आम्ही घर बांधलं, त्याच्या वास्तुशांतीच्या तीन दिवस आधी सासरे स्वतः मुरुमहून एसटीनं आले. सोबत गोधडीत गुंडाळलेलं चार फुटी चित्र. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. पस्तीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. घरात सात धावत्या घोड्यांचं चित्र असलं की बरकत येते म्हणतात, म्हणून त्यांनी दोन महिने खपून लेकीसाठी ते ऑइल रंगात काढलं होतं.

"बाजारातलं छापील लावू नका," एवढंच बोलून, चहा घेऊन ते परतीच्या वाटेला लागले.

चित्र हॉलमध्ये टांगलं. धुळीतून उधळत येणारे घोडे पाहून मी खूश झालो. माझी आई मात्र खुर्ची ओढून समोर बसली आणि बोटांवर घोडे मोजू लागली.

"बालाजी, सहाच हायेत की रे."

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. मी हसलो आणि मोजले. सहा. उजवीकडून मोजले. सहा. पाय मोजून चारनं भागावं म्हटलं, तर निम्मे पाय धुळीत. (मी हायस्कुलात गणित शिकवतो. त्यामुळं माझा माझ्या मोजणीवर फार विश्वास.)

आता पस्तीस वर्षं चित्रकला शिकवलेल्या माणसाला फोन करून 'अण्णा, एक घोडा विसरलात' असं कोणत्या तोंडानं सांगणार? रविवारी सगळी सासुरवाडी येणार. चारचौघांत कुणी मोजलं तर म्हाताऱ्याची शोभा. बायको सुनंदा पूजेचं सामान आणायला बाजारात गेलेली. अण्णांची लाज आपणच राखायची, असं मी ठरवलं.

दारांना लावलेला चॉकलेटी ऑइलपेंट उरला होता. उजव्या कोपऱ्यात जागाही होती. मोबाइलवर घोडा शोधला आणि सुरुवात केली. डोकं मोठं झालं. त्याला शोभावेत म्हणून कान वाढवले. मग खाली पायांना जागा उरेना, म्हणून पाय आखूड केले.

"पळतोय का बसलाय?" आईनं विचारलं.

"पळतोय."

"बरं," आई म्हणाली आणि देवघरात गेली.

सुनंदा आली. पिशव्या हातातच ठेवून तिनं विचारलं, "हे काय आहे?"

"सातवा. अण्णा विसरले होते."

ती चित्राजवळ गेली आणि मधल्या पांढऱ्या घोड्यामागं बोट ठेवलं. तिथं एक कान होता, थोडी आयाळ होती आणि माझ्याकडंच बघणारा एक डोळा होता.

"अण्णा नेहमी एक लपवतात," ती म्हणाली. "बघणाऱ्यानं शोधावा म्हणून."

मी टर्पेंटाइन आणून माझा घोडा पुसायला लागलो. त्यानं माझा घोडा जागचा हलला नाही. शेजारच्या अण्णांच्या घोड्याचा मात्र पाय गेला. सुनंदानं माझ्या हातातून फडकं काढून घेतलं आणि पुढचे दोन दिवस ती माझ्याशी फक्त आईमार्फत बोलली.

रविवारी त्या कोपऱ्यापुढं मी एकावर एक अशा आठ खुर्च्या रचून ठेवल्या. अण्णा आले आणि चपला काढून सरळ चित्राकडंच गेले.

"खुर्च्या काढा जरा."

"अण्णा, आधी जेवून घ्या," मी म्हणालो.

"ह्यानं एक जास्तीचा काढलाय, तो झाकलाय," आईनं खुलासा केला.

खुर्च्या निघाल्या. सगळी सासुरवाडी मागं उभी राहिली. अण्णांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं.

"जावईबापू, गाढव लई चांगलं जमलंय."

"अण्णा, घोडा आहे तो."

"न्हाय. घोडा म्हणून बघितलं तर समदंच चुकलंय. गाढव म्हणून बघा, एक चूक सापडत न्हाय. कुणाला समोर बसवून काढलं?"

सुनंदाला दोन दिवसांनी पहिल्यांदा हसू आलं, आणि मग ते थांबेना.

अण्णांनी जेवण बाजूला सारून पिशवीतून रंग काढले (ते कुठंही रंगांशिवाय जात नाहीत). घोड्याचा गेलेला पाय परत आणला. मग माझ्याकडं वळले. गाढवाचं तोंड पांढुरकं केलं, पाठीवर भरलेल्या दोन गोण्या घातल्या. बघता बघता ते खरंच चालायला लागलं.

"पुसा की अण्णा ते," मी पुटपुटलो.

"कशापायी? घोडे नुसते पळतेत. बरकत घरापतूर वाहून आणायला हेच लागतंय. तुमीच आणताव की."

पाहुण्यांनी मान डोलावली. मला कौतुक झाल्यासारखं वाटलं. नक्की कसलं, ते विचारलं नाही. शेवटी अण्णांनी घोड्यांखाली आपली सही केली, आणि प्रामाणिक माणूस असल्यामुळं गाढवाखाली सुबक अक्षरांत माझं नाव लिहिलं.

आता घरी येणारा प्रत्येक जण ते नाव वाचतो. ते चित्रकाराचं आहे, असं अजून एकालाही वाटलेलं नाही.