मोठ्या चाकांचा दसरा

आमच्या दादाला कुणी हसलेलं खपत नाही. पावसाळ्यात शेतातून सडकेला लागताना त्याचा छोटा ट्रक काळ्या मातीत रुतायचा आणि चुलत्याच्या ट्रॅक्टरनं तो ओढून काढावा लागायचा. ओढून काढण्याचं दुःख नव्हतं, पण चुलता वर "म्हैस बसली का रे?" असं विचारायचा, ते झोंबायचं. म्हणून गेल्या वर्षी सोयाबीन निघायच्या तोंडावर दादानं लातूरला जाऊन ट्रकला मोठे रिम आणि मोठे टायर बसवून आणले.

मी दसऱ्यासाठी नांदेडहून गावी आले होते. चाकं मडगार्डला घासू नयेत म्हणून मिस्त्रीनं स्प्रिंगचे पाटेही वाढवले होते, त्यामुळं गाडी चांगली वीतभर वर उचलली गेली होती. चाकावर हात फिरवत दादा म्हणाला, "आता रुतू दे त्यांचा ट्रॅक्टर, मी ओढतो." चाक वळलं की दाराखालचं पायदान घासायचं, म्हणून मिस्त्रीनं ते कापून टाकलं होतं. हे दादानं बोलण्याच्या ओघात सांगितलं आणि आम्ही हसण्याच्या ओघात ऐकलं.

दसऱ्याला पूजेचं ताट हातात आलं की आमची आई कुणाला सोडत नाही. विळे, खुरपी, पाण्याची मोटर, शिडी, शिलाई मशीन, मशीनपुढचं स्टूल, सगळ्यांना हळदकुंकू. माझ्या लॅपटॉपलाही टिळा लागतो. नव्या चाकांना तर तिनं मन भरून कुंकू वाहिलं, झेंडूचे हार घातले आणि चाकांखाली लिंबं ठेवली.

दुसऱ्या दिवशी सोयाबीन घेऊन लातूर गाठायचं होतं. लातूरला आईची थोरली बहीण असते. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून मावशीचं गावी येणं बंद झालं आहे, म्हणून आपट्याचं सोनं तिच्या हातात नेऊन द्यायचं हा आईचा नेम. एसटीत आईला मळमळतं. ट्रकची खिडकीजवळची जागा मात्र तिला मानवते.

आई नवं लुगडं नेसून, सोन्याची पिशवी घेऊन दारापाशी आली आणि थबकली. पायदान नव्हतं. दादा म्हणाला, "चाकावर पाय दे अन् चढ."

"काल कुंकू लावलंय त्याला. पाय देऊ?"

"मग शिडी लावतो."

"शिडीलाबी लावलंय."

वहिनी स्टूल घेऊन आली, आईनं नुसतं पाहिलं. वहिनी स्टूल परत घेऊन गेली. दादानं वैतागून सोयाबीनचं भरलेलं पोतं दारापाशी आपटलं, तेव्हा तर आई कडाडली, "धान्यावर पाय देऊ? अक्कल हाय का न्हाई तुला?" घरात पाय द्यायच्या उंचीचं जे जे होतं, त्याला तिनंच काल देव करून ठेवलं होतं. मला हसू आवरेना.

पण आईनं पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तू दे जा. ताईला म्हणावं, पुढच्या साली येईन." तिचा आवाज बारीक झाला होता. माझं हसणं तिथंच थांबलं. पुढच्या साली हे शब्द सत्तरीच्या बहिणींनी एकमेकींना सांगायचे नसतात.

तेवढ्यात वहिनी गोठ्यामागून हाक मारत आली. ट्रकचा काढून टाकलेला जुना टायर ती लोटत आणत होती. पाठोपाठ दुसराही आणला. दादानं ते एकावर एक रचले.

आईनं निरखून पाहिलं. "यंदा ह्यांना न्हाई न लागलं कुंकू?"

"न्हाई, आत्या. देवाशप्पथ," वहिनी म्हणाली.

तरीही आईनं टायरला हात लावून नमस्कार केला, "माफ कर रे बाबा," म्हणाली, आणि दादाचा हात धरून वर चढली. खिडकीत बसल्यावर तिनं पदर असा काही सारखा केला, की जणू दिल्लीच जिंकली. टायर पोत्यांवर टाकले, कारण लातूरला उतरायचंही होतंच.

मावशी ओट्यावर वाट पाहत बसली होती. तिच्यापुढं आधी एक टायर पडला, मग दुसरा, आणि त्यांच्यावरून तिची धाकटी बहीण उतरली. मावशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अगं, सोनं आणलंस का भंगार?" आईनं पानं तिच्या हातात दिली आणि पायांवर डोकं ठेवलं. मग मावशी तिचा हात सोडीना. मला फार फार बरं वाटलं.

पायदान उद्या बसवतो, असं दादा त्या दिवसापासून म्हणतोय. तो 'उद्या' अजून उगवायचा आहे. टायर मात्र ट्रकमध्ये कायमचे मुक्कामाला आहेत.

यंदाच्या दसऱ्यालाही आईच्या मागं ताट घेऊन वहिनी होती. चाकं झाली, शिडी झाली, पोती झाली. वहिनीनं सवयीनं चिमूटभर कुंकू घेतलं आणि जुन्या टायरकडं वळली. आईनं झटकन तिचं मनगट धरलं.

"त्याला नगं, माय. मला उद्या ताईकडं जायचं हाय."