पिंडाला दिलेला शब्द

कडावच्या चांगोबाच्या दहाव्याला कावळा काही केल्या शिवेना, आणि त्याच्या लेकीच्या, जयाच्या, डोक्यामागची कटकट तिथूनच सुरू झाली. नदीकाठी पिंड मांडलेला, कावळे समोरच्या बांधावर बसून मजा बघत होते. "म्हातारीला सांभाळू", "देवळाचे पत्रे बदलू", भावकीनं मनाला येईल ती आश्वासनं दिली. कावळे ढिम्म. तेव्हा जयाचा धाकटा भाऊ हरेश पुढं झाला. तिचा दंड धरून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ताय, बाबांचा जीव जमिनीत अडकलाय. पोरगी हिस्सा मागंल, याचा त्यांना घोर हाय. सांग त्यांना, मला काय नको म्हणून."

बाप गेल्यानं रडून रडून डोळे सुजलेली बाई अशा वेळी काय बोलणार? जयानं हात जोडले. "बाबा, मला काय नको. समदं हरेशचं." जरा वेळानं एक कावळा उतरला आणि भावकीनं सुटकेचा निःश्वास टाकला. हरेशनं तर डोळेही पुसले, मेल्यानं!

जया साजगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. नवरा वारल्यापासून भाड्याच्या खोलीत राहायची आणि खोलीचा मालक आता खोली पाडून इमारत बांधायला निघाला होता. तिनं भावाला फोन केला. शेताच्या कडेला दोन खोल्यांपुरती जागा दे, एवढंच म्हणाली. हरेश त्याच भातशेतीचे प्लॉट पाडून मुंबईकरांना दाखवत हिंडत होता. तो गुरकावला, "पिंडाला दिलेला शब्द फिरवतेस? बाबांना परत अडकवायचं हाय काय?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आगीखाली भीतीही होती. खरंच शब्द मोडला तर? बापाचं काय होईल? आणि कायद्यानं आपलं काय होईल? तिला वकील हवा होता, तो या प्रश्नांसाठी.

वकील शोधणं हा एक वेगळाच छळ. खोपोलीतल्या पहिल्यानं तिचं बोलणं अर्ध्यावर तोडून उपदेश केला, "भावाशी वैर कशाला घेता? माहेरची साडी बंद होईल." वर्षाला एक साडी आणि तिच्यासाठी जन्मभर मान खाली! कर्जतच्या दुसऱ्यानं मात्र सगळं गोड हसत ऐकून घेतलं, आणि संध्याकाळीच हरेशचा फोन आला, "वकील गाठतेस काय गं?" हरेशच्या प्लॉटची कागदपत्रं हाच वकील करत होता. असल्या माणसाच्या दारावर पाटी कसली लावता, पिंजरा लावा.

शेवटी कारखान्यातली मैत्रीण सुनिता तिला दहिवलीला संजना वकिलीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी आधी हरेशचं पूर्ण नाव, गाव विचारलं. त्याचं कुठलंही काम आपल्याकडे नाही याची खात्री केली, मगच "बसा" म्हणाल्या. तिथंच जयाचा अर्धा जीव भांड्यात पडला.

"मॅडम, मी शब्द दिलाय. हिस्सा नको म्हणून."

"कुठल्या कागदावर?"

"कागद नाय. पिंडाला."

बाई हसल्या नाहीत. "तुमच्या मनाचं तुम्ही बघा. पण कायद्यात असा शब्द धरत नाहीत. हक्क सोडायचा तर लेखी दस्त लागतो, तो निबंधकाकडे नोंदवावा लागतो. तो केलाय?"

"नाय. पन माज्या लग्नात बाबांनी सोनं घातलं हुतं. भाऊ म्हनतो, तोच माजा हिस्सा."

"लग्नाच्या खर्चानं हिस्सा फिटत नाही. लग्न कधी झालं यानंही फरक पडत नाही. वडिलांनी मृत्युपत्र केलं होतं? नाही ना? मग तुम्ही, भाऊ आणि आई, तिघंही वारस. आईंना कुणी विचारलं का?"

जयाला हे सुचलंच नव्हतं. आईलाही हिस्सा असतो हे अख्ख्या भावकीत कुणाच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. तलाठ्याकडे चौकशी केली तर हरेशनं वारसनोंदीच्या अर्जात स्वतःचं एकट्याचं नाव घातलेलं. बाईंनी लगेच हरकत लिहून दिली.

सुनावणीला हरेश आईला गाडीत घालून घेऊन आला. मोतीबाई पदर तोंडाला लावून बसलेली. मंडळ अधिकाऱ्यांनी विचारलं तसं तिनं पढवल्यासारखं सांगितलं, "हिनं शब्द दिला, साहेब. त्यांचा जीव जमिनीत अडकला हुता."

"आये, कोन म्हनलं असं?" जयाचा आवाज चढला. "बाबा शेवटी काय बोलत हुते? मी नव्हते, तू हुतीस. सांग!"

हरेश मध्ये बोलायला गेला, अधिकाऱ्यांनी त्याला हातानं थांबवलं.

"तुजंच नाव घेत हुते," म्हातारी खाली बघत म्हणाली. "जयाला बोलवा, तिला घर नाय, तिचं बगा. दोन दिस तेच चाललेलं."

आजवर जयाला भावाचा राग होता. आता तो सगळाच्या सगळा आईकडे वळला. "तुला ठावं हुतं? मंग घाटावर, भावकीसमोर, तू गप बसलीस?"

"मला याच्याच घरात ऱ्हायचंय, गं," मोतीबाई म्हणाली. "तू नोकरीला जाशील. मी कुटं जाऊ?"

त्या म्हातारीला तिच्याच नवऱ्याच्या जमिनीवर, तिच्याच घरात, पोटच्या पोरानं आश्रितासारखं ठेवलं होतं, आणि तिनंही ते मुकाट्यानं मानलं होतं. जयाला आईला गदागदा हलवावंसं वाटलं. तिनं टेबलाची कड घट्ट धरली आणि अधिकाऱ्यांकडे वळली.

"साहेब, माजं नाव नंतर लिवा. आदी हिचं लिवा."